थाळी घासणाऱ्यांच्यात तबला घेऊन जाऊ का?

प्रश्न थोडक्यात असा आलाय: "मी तबला विशारद आहे, दहा वर्षं शिकतोय, पुण्यातच. मागच्या महिन्यात मित्राने एका छोट्या हॉलमध्ये एक्सपेरिमेंटल, इम्प्रोव्हाइज्ड म्युझिकच्या कार्यक्रमाला नेलं. एकजण सॅक्सोफोनमधून नुसती हवा सोडत होता, दुसरा मिक्सरची बटणं फिरवत होता आणि त्यातून शिट्ट्या येत होत्या, तिसरा चक्क थाळी घासत होता. चाळीस मिनिटं. शेवटी लोकांनी टाळ्या पण वाजवल्या. ही फसवणूक आहे का? आणि आता त्याच लोकांनी मला पुढच्या कार्यक्रमाला तबला घेऊन बोलावलंय. जाऊ का, आणि गेलो तर वाजवू काय?"

जा. बिनधास्त जा. बाकीचं सांगतो आता, पण लांबण लागणार आहे, चहा घेऊन बस.

मी पण तबल्यातूनच आलेला माणूस आहे. पंधरा-सोळा वर्षं झाली पुण्यात असले कार्यक्रम करतोय, म्हणजे वाजवतो, कधी नुसता साउंडला बसतो, आणि बऱ्याचदा सतरंज्या पण मीच झटकतो. वयाने मोठा असणार तुझ्याहून म्हणून अरेतुरे करतोय, राग मानू नकोस.

फसवणूक असते का, तर असते की. या प्रकारच्या दहा कार्यक्रमांतले पाच-सहा कंटाळवाणे होतात, त्यात माझे स्वतःचे पण धरले, आणि एखाद्यात तर समोरचा सरळ गंडवतोय हे शेंबड्या पोराला पण कळतं. पण ख्यालाच्या दहा बैठकींचा हिशोब मांडलास तर काय फार वेगळं निघणारे? तिथे फक्त एवढंच असतं की गाणं पडलं तरी राग उभा असतो, तानपुरे सुरात असतात, ठेका चालू असतो, त्यामुळे पडलेलं गाणं पण गाण्यासारखं दिसतं. इथे पडलं की सपशेल पडतं, झाकायला काही नसतं.

आता थाळी. तुझा सगळा राग त्या थाळीवर दिसतोय म्हणून तिथूनच सुरू करतो. गुजरातच्या डांगात आणि नाशिकच्या पश्चिमेकडच्या डोंगरात कोकणा लोकांच्यात थाळीवर कथा लावतात. काशाची थाळी घ्यायची, तिच्या मधोमध मेणाने एक सरळ काडी उभी चिकटवायची, आणि बोटांनी ती काडी वरून खाली, वरून खाली सुतत राहायची. बोट घसरताना काडी थरथरते, ती थरथर मेणातून थाळीत उतरते आणि थाळी घुमायला लागते. एकसारखा सूर, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा, आणि त्यावर कथेकरी रात्र रात्र कथा लावतो, रामायणाची पण लावतो, कणसरी या धान्यदेवीची पण लावतो. म्हणजे थाळी घासून सूर काढणं हे काय कोणी कोरेगाव पार्कात बसून शोधलेलं नाही, आपल्याच डोंगरात चालत आलेलं आहे, आपण शहरातले लोक तिकडे फिरकलो नाही एवढंच. तू पाहिलेला माणूस बहुतेक व्हायोलिनचा नाहीतर चेलोचा गज थाळीच्या काठावर ओढत असणार. तत्त्व त्याच जातीचं. राळ लावलेले केस काठाला धरतात आणि सोडतात, सेकंदाला शेकडो वेळा, आणि दुसऱ्या हाताचं बोट थाळीला कुठे टेकवलंय यावर कुठला सूर निघणार ते ठरतं. सोपं वाटत असेल तर घरी स्टीलच्या ताटावर करून बघ, पहिले तीन दिवस नुसती किंचाळी येते आणि शेजारचे बेल दाबतात.

सॅक्सोफोनवाल्याचं पण तसंच. सनईच्या मागे तो एकजण बघ नुसता सूर धरून बसलेला असतो, मिनिटं मिनिटं श्वास तुटत नाही, गाल फुगवून त्यातली हवा बाहेर सोडता सोडता नाकाने आत घ्यायची. वारल्यांचा तारपा पण असाच वाजतो, नाच चालू आहे तोवर सूर बंद नाही. सॅक्सोफोनवाले नेमकं हेच करतात, आणि मग काहीजण त्यातून सूर पण काढून टाकतात, मग उरतो तो श्वास आणि चाव्यांची टकटक. तुला "नुसती हवा" वाटली ती बरोबरच आहे, हवाच होती. प्रश्न एवढाच की ती हवा त्या क्षणी त्याने का निवडली, आणि तिकडे येतो मी नंतर.

मिक्सरवाला जे करत होता त्याला नो-इनपुट मिक्सर म्हणतात. मिक्सरला काहीच जोडायचं नाही, त्याचंच आउटपुट त्याच्याच इनपुटात घालायचं. माईक स्पीकरसमोर गेला की जी कुई येते ना, तीच कुई, पण पेटीच्या आतल्या आत. जपानचा तोशिमारू नाकामुरा हा माणूस कित्येक वर्षं हेच एक वाद्य म्हणून वाजवतोय. मजा अशी आहे की नॉब केसभर फिरवला की शिट्टीची गुरगुर होते, आणि नॉब परत होता तिथे आणला तरी तीच शिट्टी परत येईल याची खात्री नसते. तबल्यावर आपण 'ना' हा बोल वाजवला तर 'ना'च येतो. तिथे हात टाकला की काय येईल ते अर्धं त्या पेटीच्या हातात. त्यामुळे तो माणूस घाबरल्यासारखा दिसत होता ना, तो खरंच घाबरलेला असतो.

"हे परदेशी खूळ आहे" असं तू म्हणालेला नाहीस पण घरी कोणीतरी म्हणणारच, म्हणून सांगून ठेवतो. १९६५ ला लंडनमध्ये एएमएम नावाचा ग्रुप सुरू झाला, त्यातला कीथ रो हा गिटारवाला, त्याने गिटार मांडीवरून काढून टेबलावर आडवी ठेवली, का तर गिटार हातात आली की बोटं आपोआप गिटारवाल्यासारखी चालतात. हे वाक्य लक्षात ठेव, तुझ्या उपयोगाचं आहे. त्याच्याही आधी १९४६ मध्ये अहमदाबादच्या गीता साराभाई न्यूयॉर्कला गेल्या होत्या आणि तिथे त्यांची जॉन केज या अमेरिकन संगीतकाराशी गाठ पडली. त्यांनी त्याला आपलं संगीत समजावलं, त्याने त्यांना तिकडचं. संगीत कशासाठी, तर मन शांत करण्यासाठी, हे त्यांच्या गुरूंचं म्हणणं केज पुढे आयुष्यभर सांगत राहिला. आणि १९६९ ला केजचा जवळचा पियानोवादक डेव्हिड ट्यूडर अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइनच्या संस्थेत आला आणि मूग सिंथेसायझर, म्हणजे विजेवर सूर तयार करणारं यंत्र, लावून इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा करून दिला, तिथे आपल्या लोकांनी टेपवर काम केलं. १९६९! आपल्याकडे बालगंधर्व रंगमंदिर उघडून जेमतेम वर्ष झालेलं. त्यामुळे खूळ असलंच तर ते दोन्हीकडून ये-जा केलेलं खूळ आहे.

केजच्या त्या साडेचार मिनिटांच्या शांततेचा जोक मला कृपा करून कोणी सांगू नका, हजारदा ऐकलाय. २९ ऑगस्ट १९५२, अमेरिकेत वुडस्टॉकजवळ झाडीतला एक लाकडी हॉल, मागची बाजू रानाकडे उघडी, ट्यूडर पियानोपुढे बसला आणि तीन भागांत मिळून ४ मिनिटं ३३ सेकंद काही वाजवलं नाही. जोक सांगणारे इथेच थांबतात. केजने नंतर सांगितलंय की पहिल्या भागात बाहेरचा वारा ऐकू येत होता, दुसऱ्यात छपरावर पावसाचे थेंब पडायला लागले, आणि तिसऱ्यात लोकच कुजबुजायला आणि उठून जायला लागले. म्हणजे वाजत होतंच की. फक्त वाजवणारा वाजवत नव्हता.

आता तुझ्या मनात आलेलं बोलतो, "इम्प्रोव्हायझेशन तर आपण पण करतो." करतोच. उपज हा आपला शब्द त्यासाठी मला सगळ्यात आवडतो, पेरल्याशिवाय उगवत नाही हे त्यात आहे. पण बघ, तू पेशकार, कायदा असल्या तबल्याच्या रचना वाजवताना त्या मोडत कितीही लांब गेलास तरी सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठे आहे हे तुला माहिती असतं, साथीला धून धरून बसलेल्या लेहरेवाल्याला माहिती असतं, पहिल्या रांगेतल्या काकांना तर तुझ्याआधी माहिती असतं, मान तयार ठेवून बसलेले असतात. सगळे मिळून एका जागेची वाट बघत असतात. डेरेक बेली म्हणून शेफिल्डचा गिटारवाला होता, त्याने यात भेद केला, एक इम्प्रोव्हायझेशन कुठल्यातरी भाषेतलं, म्हणजे रागाचं, जॅझचं, फ्लॅमेन्कोचं, आणि दुसरं कुठल्याच एका भाषेचं नसलेलं. दुसऱ्यात सम नाही. कोणालाच माहिती नाही आपण कुठे भेटणार आहोत, आणि भेटणार आहोत का ते पण. हे वाचायला भारी वाटतं, बसल्यावर पोटात गोळा येतो.

मग चांगलं-वाईट कसं ओळखायचं? मी एकच गोष्ट बघतो. कोण थांबतं, कधी थांबतं, आणि थांबल्यावर बाकीचे काय करतात. बास. चांगल्या लोकांच्यात एकाने हात काढला की ती रिकामी झालेली जागा दोन क्षण तशीच राहते, बाकीचे तिच्याकडे बघतात, मग ठरवतात की भरायची का नाही. वाईट लोकांच्यात एक थांबला की दुसरा लगेच त्याच्या जागेवर चढतो, लोकलच्या सीटसारखं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे कोणीच थांबत नाही, तिघंही चाळीस मिनिटं आपापलं काम करत बसतात आणि मग एकजण हळूच आवाज कमी करतो, बाकीचे पण कमी करतात, आणि हे शेवट झाला म्हणून टाळ्या घेतात. तू पाहिलेल्या कार्यक्रमाचा शेवट कसा झाला ते आठवून बघ, त्यावरून तुझं तुलाच कळेल गंडवलं का नाही.

थांबण्याचा अर्थ मला एकदाच नीट कळलाय आणि तो पण अपघाताने. शनिवार पेठेत एका जुन्या वाड्याच्या वरच्या मजल्यावर आमचा कार्यक्रम होता, तीसेक लोक, सतरंजीवर. वाड्याचं वायरिंग आमच्या सगळ्यांच्या वयाचं, अर्थिंगचा पत्ता नाही. स्पीकर चालू केले तर घूंऽऽऽ. मी केबल बदलल्या, दुसऱ्या बोर्डातून लाईन घेतली, डीआय बॉक्स, म्हणजे वाद्य मिक्सरला जोडायची डबी, तिच्यावरचं ग्राउंडचं बटण उचललं, खाली बसवलं, वीस मिनिटं घामाघूम, घूं तसाच. लोक बसलेले. त्या दिवशी एक मुलगी तानपुरा घेऊन आली होती, गाणारी, पट्टी काळी चार. ती उठली, स्पीकरला कान लावला, जागेवर गेली आणि तानपुरा उतरवायला लागली. आपल्याकडे लाईन ५० सायकलची, त्यामुळे हम येतो तो ५० चा आणि त्याच्या पटीतला, १०० चा, २०० चा. हा सूर पांढरी पाच आणि काळी चार यांच्या मध्ये कुठेतरी पडतो, पांढरी पाचच्या जरा वर. पुण्यातला असो का परभणीतला, खराब अर्थिंगचा प्रत्येक स्पीकर याच सुरात असतो, ही गोष्ट मला साउंडची इतकी वर्षं कामं करून तोवर सुचली नव्हती! तिने खुंट्या पिळल्या, मग मणी सरकवून बारीक जुळवलं, जीवा, म्हणजे तारेखालचा दोरा, नीट केला, आणि तानपुरा लागला. घूं गायब. म्हणजे होता, पण तानपुऱ्याच्या पोटात शिरला, दोष म्हणून ऐकूच येईना.

अर्धा तास चाललं मग. एकजण क्लॅरिनेट, मी थाळ्या आणि डग्गा, ती आकारात थोडं थोडं. आणि मध्येच तिने तानपुऱ्यावर हात ठेवला. तारा बंद. उरला तो नुसता घूं, उघडा पडलेला, आणि त्या तीस लोकांना एकदम कळलं की इतका वेळ हा इथेच होता. क्लॅरिनेटवाला थांबला. माझ्या शेजारी बोर्ड होता, मी काही ठरवलं नव्हतं, हात गेला आणि मेन बंद केला. खट्.

खालच्या मजल्यावर कोणीतरी भांडी घासत होतं. गल्लीतून स्कूटर गेली. पंखे पण बंद झाले होते, त्यांची पाती हळूहळू थांबतानाचा आवाज येत होता. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत बराच वेळ. त्या संध्याकाळी मी थाळ्या-डग्ग्यावर पुष्कळ केलं असेल पण खरं वाजवलं ते एवढंच, तो खटका. त्यानंतर त्याच जागी, त्याच माणसांबरोबर तीन वेळा मुद्दाम करून बघितलं आणि तिन्ही वेळा फुसकं झालं, हे पण सांगतो नाहीतर तुला वाटेल युक्ती सापडली.

(त्याच कार्यक्रमाला एक आजोबा होते, रमणबागेतल्या सवाईच्या पहाटेच्या मैफिलींचे किस्से सांगणारे, पक्के कानाचे. जाताना जिन्यात मला म्हणाले, "तुमचं ते मधलं थांबणं आवडलं हो. बाकी सगळं कुकर व्हायची वाट बघतोय असं वाटत होतं." मला आजवर मिळालेली सगळ्यात अचूक दाद.)

आता तू काय वाजवायचं. पहिली गोष्ट, तू सोलो जास्त वाजवतोस का साथ, हे लिहिलेलं नाहीस. साथ करत असशील तर तू अर्धा तयार आहेस. माझा अनुभव उलटा आहे लोकांना वाटतं त्याच्या, सोलो गाजवणारे इथे येऊन आपटतात आणि साथीदार टिकतात, कारण विलंबित एकतालात गायक स्वर लावून बसलाय आणि आपण नुसता ठेका धरून त्याच्या श्वासाकडे बघत बसायचं, हे ज्याने वर्षानुवर्षं केलंय त्याला न वाजवायची सवय असते. तो कान घेऊन जा. हात मात्र घरी ठेवून जा जमलं तर, कीथ रोने गिटार आडवी केली ती याचसाठी. तबला समोर आला की बोटं धिरधिर करायला लागतात, तुझा दोष नाही, दहा वर्षांचा रियाज आहे तो.

एक नियम मात्र पाळ, तिहाई, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणं, ते करू नकोस. पहिल्या वेळी तर अजिबातच. तिहाई वाजली की हॉलमधल्या प्रत्येक मराठी माणसाची मान सम शोधायला जाते, समेवर "क्या बात है" येतं, टाळ्या येतात, आणि बाकीचे जे काय हळूहळू बांधत होते ते खलास. मी पहिल्या कार्यक्रमात केलेलं आहे हे. चक्रदार वाजवली, म्हणजे तिहाईची पण तिहाई, तोऱ्यात. टाळ्या मिळाल्या. सेट संपल्यावर क्लॅरिनेटवाला काही बोलला नाही, नुसतं पाणी प्यायला, त्याने मला अजून लाज वाटते.

मग करायचं काय, तर तबल्यात आवाज किती आहेत ते नव्याने शोध. आपण काठाला चाट, काळ्या गोलाला स्याही आणि त्यांच्या मधल्या कातड्याला मैदान म्हणतो आणि प्रत्येक जागेवर बोट कसं पडलं पाहिजे ते गुरुजींनी ठरवून दिलेलं असतं. ते न करता काय काय येतं बघ. नखाने वादीवरून, म्हणजे बाजूच्या चामडी पट्ट्यांवरून, खाली आलास तर कंगव्यासारखा आवाज. वादीखालचा लाकडी गट्टा सरकवतानाची ती करकर, जी आपण मैफिलीआधी उरकून टाकतो. डग्ग्यावर मनगट दाबून घिस्सा काढतोस ना, तो आघाताशिवाय काढ, नुसतं पावडर लावलेल्या तळव्याने कातड्यावरून सरक, श्वासासारखा येतो, सॅक्सोफोनवाल्याच्या हवेला असं काही चिकटतो की कोण कोण ते कळत नाही. तुळशीबागेत पोरांचा तो उसळणारा रबरी चेंडू मिळतो, त्यात बांबूची काडी खुपसायची आणि डग्ग्याच्या मैदानावर चेंडू दाबून ओढायचा, डग्गा अक्षरशः कण्हतो. पण चेंडू स्याहीवर नेऊ नकोस, स्याही म्हणजे थरावर थर घोटून चढवलेली आणि मुद्दाम बारीक तडकवलेली असते, तिचे कण सुटायला लागले की पुडी, म्हणजे वरचं अख्खं कातडं, गेली. म्हणूनच यासाठी जुनी, उतरलेली पुडी वेगळी ठेवायची. चांगला तबला घेऊन गेलास आणि गुरुजींना कळलं तर मी जबाबदार नाही.

पावसाळ्यातला कार्यक्रम असेल तर पुडी ढिली पडणार, डग्गा तासाभरात कुठल्या कुठे उतरतो. एरवी आपण हातोडी घेऊन मागे लागतो. इथे उतरू दे. उतरत जाणारा सूर हेच तुझं मटेरियल आहे असं समज, चालतं.

आवाज छोटे असतात त्यामुळे पुढच्या रांगेपर्यंत पण जात नाहीत, तर काँटॅक्ट माईक, म्हणजे वाद्यालाच चिकटवायचा माईक, लागतो. विकत घेऊ नकोस, बनव. पासोड्या विठोबाजवळ इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं आहेत तिथे पायझो चकती, म्हणजे थरथरीचा सिग्नल करणारी पितळी चकती, माग, २७ मिलिमीटरची, किरकोळ पैशात येते, चार घे कारण दोन जाळणारच आहेस. पितळी भागाला ग्राउंड, मधल्या पांढऱ्या भागाला सिग्नल, आणि सोल्डरिंग गन पांढऱ्या भागावर टेकवून ठेवायची नाही, टच करायची आणि उचलायची, नाहीतर वरचा मुलामा उडतो आणि चकती मेली. वर इन्सुलेशन टेप. ही चकती सरळ मिक्सरच्या लाईनला जोडलीस तर नुसती टिकटिक येईल, पत्र्याच्या डब्यासारखी, आणि लोक म्हणतात पायझो फालतू असतो. फालतू नसतो, त्याचा इम्पिडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, खूप जास्त असतो आणि लाईन इनपुट त्याचा सगळा खर्ज खाऊन टाकतं, पुढे किमान एक मेगाओहमचं इनपुट पाहिजे, म्हणजे गिटारचा ॲक्टिव्ह डीआय घे किंवा गिटारच्याच एखाद्या बफर पेडलमधून काढ. मग बघ डग्ग्याच्या पोटात काय काय चालू असतं. डग्ग्याच्या भांड्यावर चिकटव, कातड्यावर नको.

बसायच्या आधी बाकीच्या तिघांबरोबर एक तालीम माग. तालीम म्हणजे बसवायचं नाही काही, आमच्याकडे एक खेळ आहे, प्रत्येकाने एकच आवाज काढायचा आणि तो पूर्ण मरेपर्यंत पुढच्याने हात लावायचा नाही. थाळीचा आवाज बराच वेळ राहतो. तबल्याचा ना क्षणात जातो. पाच मिनिटांत तुला कळेल की तुझं वाद्य किती उतावळं आहे. पॉलीन ऑलिव्हेरोस नावाची अकॉर्डियन वाजवणारी अमेरिकन बाई होऊन गेली, ती आणि तिचे दोन साथीदार १९८८ ला जमिनीखालच्या पाण्याच्या रिकाम्या टाकीत उतरून वाजवत बसले, तिथे आवाज ४५ सेकंद घुमत राहायचा. म्हणजे आत्ता वाजवलेलं पाऊण मिनिट तुझ्याबरोबर राहणार, चुकलं तर चुकीसकट. घाई आपोआप संपते. आपल्याकडे तशी टाकी मला सापडलेली नाही, पण दुपारी पाताळेश्वरच्या लेण्यात जाऊन अर्धा तास नुसतं बस, वाजवायचं काही नाही, जंगली महाराज रोडची अख्खी ट्रॅफिक त्या दगडात शिरून कशी गोल होऊन येते ते ऐक.

चौघंच असणार ते चांगलं. सहा-सातच्या वर माणसं गेली की चिखल होतो, मग कोणीतरी हाताच्या खुणांनी चालवावं लागतं. न्यूयॉर्कच्या बुच मॉरिसने १९८५ पासून त्याची अख्खी पद्धतच बसवली होती. त्यात तू पडू नकोस सध्या.

बाकी हॉल वगैरे तुझ्या हातात नाही, पण माहिती असू दे म्हणून. पुण्यात या कार्यक्रमांचे दोन शत्रू. एक म्हणजे ढोल. जुलै-ऑगस्टमध्ये नदीकाठी पथकांच्या तालमी सुरू होतात आणि तारीख बघताना आपण पंचांग बघत नाही. आम्ही एकदा ऑगस्टमध्ये पुलाजवळचा हॉल घेतला, स्वस्त का मिळाला ते साडेसहाला कळलं. पहिली दहा मिनिटं आम्ही त्यांच्यावर ओरडून वाजवत होतो, चाळीस ढोलांपुढे एक थाळी, वेडेपणा नुसता. मग सोडून दिलं आणि ते थांबले की तेवढ्यात वाजवायचं असं केलं. ते थांबायचे ताशावाल्याला शिव्या खायला मिळाल्या की. बरी झाली त्या दिवशीची संध्याकाळ, पण ती त्यांची झाली, आमची नाही. उघड्यावर किंवा गच्चीवर असेल तर रात्री दहाला स्पीकर बंद म्हणजे बंद, २००० सालापासूनचा नियम आहे, आणि तुमचा आवाज कितीही बारीक असला तरी शेजाऱ्यांना "हे काय चाललंय" हेच जास्त खुपतं, त्यामुळे साडेसहाला सुरू करून नऊच्या आत आवरलेलं बरं.

आणि दुसरा शत्रू पंखा. हसू नकोस. सौंदर्यशास्त्रावर चर्चा करणारे खूप भेटतील तुला, पण इथला खरा वाद दर वेळी एकच असतो, पंखा चालू ठेवायचा का बंद. चालू ठेवला तर त्याची घरघर बारीक आवाज सगळे गिळून टाकते, थाळीच्या आवाजाची विरत जाणारी शेपूट ऐकूच येत नाही, आणि शेपूट नाही तर थाळीत राहिलं काय. बंद केला तर एप्रिल-मेमध्ये लोकांचा धीर बारा मिनिटं टिकतो, मी घड्याळ लावून बघितलंय, तेराव्या मिनिटाला कार्यक्रमपत्रिकेने वारा घ्यायला सुरुवात होते आणि मग तो फडफडाट. म्हणून आम्ही आता सेट पंधरा-वीस मिनिटांचेच ठेवतो, मध्ये पंखे फुल्ल, चहा, परत बंद. तुझ्याकडच्यांनी चाळीस मिनिटं केलं हे जरा जास्तच झालं असं माझं मत, ते भेटले तर सांग त्यांना.

पैशाचं विचारलं नाहीस पण मनात असेल. हॉलचं भाडं आणि चहा जाऊन रिक्षाचे सुटले तर चांगला दिवस समजायचा.

तर जुनी पुडी, हातोडी, दोन सुती फडकी, चकत्या, आणि पावडरीचा डबा मोठा घेऊन जा. पंखा बंद असणार आहे, तळवे चिकटतील.